गच्चीवरची लाईन

सकाळी उठल्यावर सिंधूताई आधी गच्चीवर जाऊन धूर पाहत. कामठीपलीकडच्या या वस्तीत त्या लग्न होऊन आल्या, तेव्हा सासूनं चूल दाखवायच्या आधी विजेच्या प्लांटची चिमणी दाखवली होती. धूर नदीकडे जात असला तर मिरच्या, कुरड्या, कपडे उघडे घालायचे. घराकडे वळला तर जुन्या लुगड्याखाली झाकायचे. नाहीतर संध्याकाळपर्यंत सगळ्यावर राखेचा थर. गल्लीतल्या बायका एकमेकींना भेटल्या की तब्येत नंतर विचारत, धूर कोणीकडे आहे ते आधी.

आता गच्चीवर काही घालायला जागाच नव्हती. होळीनंतर त्यांच्या मुलानं, प्रशिकनं, तिथं सोलरच्या पाट्या बसवल्या होत्या. भिवापूरच्या मिरच्या यंदा अंगणात खाटेवर वाळल्या, अर्ध्या कोंबड्यांनी उधळल्या. पण गच्ची सिंधूताईंनी नवऱ्याच्या, आनंदरावांच्या, श्वासासाठी दिली होती.

आनंदराव जन्मभर त्याच प्लांटमध्ये कोळशाच्या पट्ट्यावर राबले. छातीत काय साचलं ते डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून दाखवलं. आता नाकाला नळी आणि खाटेशी दिवसरात्र घरघरणारी ऑक्सिजनची मशीन. मशीनला लाईन, म्हणजे वीज, हवी, आणि उन्हाळा लागला की वस्तीतली लाईन हटकून जाई.

"कोळसा आपला, राख आपली," आनंदराव म्हणत, "लाईन तेवढी पाहुणी."

"आता लाईन गेली तरी ऊन आहे ना, बाबा," प्रशिक म्हणाला होता. त्याच भरवशावर घरातला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर भरून आणायला तो आज सकाळी निवांत शहरात सदरला घेऊन गेला. तिथंच त्याची नोकरी. संध्याकाळी येताना आणतो म्हणाला.

दुपारी जेवणं झाली आणि पंखा थांबला. मशीनची घरघर बंद पडली आणि ती बारीक आवाजात ओरडू लागली. सिंधूताई खिडकीतून बाहेरच्या उन्हाकडे पाहत उभ्या राहिल्या. आता सोलर सुरू होईल. झालंच.

काही झालं नाही.

मशीनचा आवाज ऐकून शेजारच्या कांताबाई धावत आल्या आणि पुठ्ठ्यानं वारा घालू लागल्या. आनंदराव दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून बसले होते. ओठ काळवंडत चालले होते. सिंधूताईंनी प्रशिकला फोन लावला. तो म्हणाला, सिलिंडर घेऊन निघालोच. मग त्यांनी सोलर बसवणाऱ्या उन्मेषला लावला.

"मावशी, लाईन गेली का ते पण बंद होते. आपोआप."

"बंद काहून होते गा? बाहेर येऊन पाह्य, डोकं भाजून राहिलं उन्हानं!"

"उन्हाचं नाही, मावशी. चालू राहिलं तर आपला करंट मागं पोलवर जाते. तिथं काम करणाऱ्याले शॉक लागन. त्याच्यासाठी वेगळी बॅटरी पाहिजे होती. प्रशिकभाऊले बोललो होतो, नंतर पाहू म्हणे."

"माहा माणूस इथं तडफडून राहिला आन् तुले पोलवरच्याची पडली!" सिंधूताई ओरडल्या. "कसंबी कर, पण चालू कर ते!"

कांताबाईंच्या हातातला पुठ्ठा थांबला.

तेव्हा सिंधूताईंच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. कांताबाईंचा नवरा चंद्रभान लाईनमन होता. प्रशिक शाळेत असताना तो गल्लीच्या तोंडाशी, लाईन बंद करून, पोलवर चढला होता. बाजारातल्या कोण्या दुकानदारानं आपलं जनरेटर बाहेरची लाईन न तोडता तसंच सुरू केलं आणि करंट उलटा तारेवर आला. चंद्रभानला खाली उतरवणाऱ्यांत आनंदराव होते.

आनंदरावांनी हात वर केला. "पोलवर..." त्यांनी श्वास ओढला, "माणूस असते वं."

"भाऊजीले बोलू नको देऊ," कांताबाई म्हणाल्या आणि पुन्हा वारा घालू लागल्या, जरा जोरातच. "मी आहे इथं. तू जाऊन पाह्य, कोणी आलं का."

सिंधूताई उन्हात निघाल्या. गल्लीच्या तोंडाशी, त्याच जागी, नव्या सिमेंटच्या पोलवर एक माणूस पट्टा बांधून लटकला होता. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता.

"किती वेळ लागन गा, भाऊ?"

"तार जळाली, मावशी. जोडून राहिलो. घाई आहे काय?"

"आहे. माहा माणूस मशीनवर आहे." मागं घरात काय चाललं असेल ते डोळ्यांपुढून हलेना. तरी त्या म्हणाल्या, "पण तू आराम से कर. पट्टा नीट आहे ना तुहा?"

"आहे, मावशी."

त्या तिथंच पोलाखाली उभ्या राहिल्या. कुणी खालच्या पेटीतला खटका ओढू नये म्हणून उभं राहावं, तशा. बराच वेळ गेला. शेवटी तो उतरला, पेटीपाशी गेला, खटका ओढला, आणि घराघरांतले कूलर एकदम गुरगुरले.

त्या पोचल्या तेव्हा मशीन घरघरत होती. आनंदराव भिंतीला टेकले होते. ओठांवर हळूहळू रंग येत होता. पंखा फिरत होता, तरी कांताबाई वारा घालतच होत्या.

थोड्या वेळानं प्रशिक सिलिंडर खांद्यावर घेऊन आत आला आणि दारातच बसला. "आई, मले वाटलं, ऊन आहे म्हणजे..."

"आम्हालेबी तेच वाटलं."

"बॅटरी बसवतो."

"बसव. आन् हा सिलिंडर आता घरात राहू दे."

संध्याकाळी सोलरच्या पाट्या निवल्यावर सिंधूताई बादली घेऊन गच्चीवर गेल्या. काचेवर राखेचा करडा थर होता. मागून कांताबाई फडकं घेऊन चढल्या.

"हे पुसून काय होते वं, लाईन गेली का बंदच?"

"असू दे. राख तं आपल्यालेच पुसायची आहे."

दोघींनी सवयीनं चिमणीकडे पाहिलं. धूर घराकडेच वळत होता. सिंधूताईंनी फडकं पिळलं.