बाराव्या किलोमीटरवर

मिस्त्रींनी सलाईनची रिकामी बाटली पेट्रोलने भरली, वायपरच्या दांडीला सुतळीने करकचून बांधली आणि तिची नळी बॉनेटच्या फटीतून थेट कार्ब्युरेटरला जोडली. टाकी, पंप, फिल्टर, सगळ्यांना आजच्यापुरती सुट्टी. बाटलीतलं पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरेल आणि गाडी त्याच्यावरच पळेल. लेक स्टिअरिंगवर बसली. ती गुरांची डॉक्टर, बाटलीही तिचीच. पेशंट एवढा मोठा असला की एका बाटलीत भागत नाही, असं ती म्हणाली; पण मिस्त्री हसण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

चार दिवस गाडीने त्यांच्या नाकी नऊ आणले होते. अंगणात अर्धा तास चालू ठेवली तरी हूं की चूं नाही. रस्त्याला लागली की मात्र बाराव्या किलोमीटरच्या आसपास आचके द्यायची आणि बंद पडायची. पंधरा-वीस मिनिटं थांबलं की जसं काही घडलंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू. मिस्त्रींनी फिल्टर बदलला, पंप खोलला, कार्ब्युरेटर तर तीनदा उघडून त्याचं भोक न् भोक फुंकून काढलं. चाळीस वर्षं असल्याच गाड्यांवर हात काळे केलेला माणूस, आणि घरचीच गाडी दाद देत नव्हती. शेजारचा शिंपी येता-जाता विचारायचा, “काय मिस्त्री, अजून जोडाजोडच?” हे आगीत तेल वेगळंच.

आज शनिवार होता. सोमवारी सकाळी लेकीला घाटापलीकडच्या जनावरांच्या दवाखान्यात हजर व्हायचं होतं. तिकडे बस जात नव्हती आणि नोकरीची अटच होती, स्वतःची गाडी हवी. ती पोचली नाही तर यादीतला पुढचा माणूस टपलेलाच होता. मिस्त्रींनी मनाशी ठरवून टाकलं होतं, पोरगी जाणार म्हणजे जाणार, आणि याच गाडीने जाणार.

तिच्या आईचं म्हणणं वेगळं होतं. डॉक्टर इथल्या डेअरीलाही लागतो. पाच वर्षं शिकायला बाहेर काढलीच की, आता आणखी कुठे? हे ती एकदाच बोलली. एरवी वीस वर्षं तिने नवऱ्याच्या हातात पाने दिले होते. न सांगता नेमका हवा तोच पाना पुढे करायची. गिऱ्हाइकं तिला कौतुकाने ‘धाकटे मिस्त्री’ म्हणायची. या चार दिवसांत मात्र ती अंगणाकडे फिरकलीसुद्धा नव्हती.

बाटलीवर गाडी सुरेख पळाली. बारावा किलोमीटर गेला, तेरावा गेला, चौदाव्याला मिस्त्रींनी थांबायला सांगितलं. कार्ब्युरेटर निर्दोष सुटला, त्याच्यावर उगीच आळ घेतला होता. आता त्यांनी बाटली काढली, टाकीची नळी पुन्हा जोडली आणि गाडी माघारी फिरवायला लावली. घर दोन किलोमीटरवर आलं आणि गाडीने मान टाकली.

या वेळी त्यांनी तिला थंड होऊ दिलं नाही. झटकन खाली उतरून पंपाची नळी काढली, लेकीला स्टार्टर मारायला सांगितलं. दोन थेंब आले आणि संपलं. म्हणजे पेट्रोल टाकीतूनच निघत नव्हतं. आत कचरा असणार, असं पुटपुटत त्यांनी लेकीला टाकीचं झाकण उघडून बघायला पाठवलं.

झाकण फिरवताच लांबलचक फुस्स झालं.

“बाबा, ही हवा आत ओढतेय.”

मिस्त्रींनी स्वतःच स्टार्टर मारला. पेट्रोलची धार उडून बॉनेटखाली सांडली. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. टाकीतून पेट्रोल जायचं तर तेवढी हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. हे तर शिकाऊ पोरालाही माहीत. पण झाकण महिन्यापूर्वीचं, नवंकोरं, त्यांनीच भोक तपासून बसवलेलं. आपल्या हातच्या कामावर कोण संशय घेतो?

त्यांनी भोकात तार घातली. फिकट पिवळी, मऊ चिकट वळकटी बाहेर आली. बोटांत चोळली, नाकाशी नेली. धुण्याचा साबण.

लग्न नवं असताना दगड लागून एका गाडीची टाकी फुटली होती. तेव्हा त्यांनी साबणाने ती चीर बुजवली होती आणि पेट्रोलमध्ये साबण विरघळत नाही, हे बायकोला मोठ्या ऐटीत समजावलं होतं. या घरात ते आणखी कोणाला माहीत असणार?

आधी त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. चार दिवस नवरा मातीत लोळतोय, आणि ही खिडकीतून बघतेय! मग ती चार दिवस काय बघत होती ते त्यांना कळलं: लेकीच्या जाण्याची तयारी.

“काय होतं हो?” लेकीने विचारलं.

“धूळ,” ते म्हणाले आणि बोटं पँटला पुसली.

घरी आल्यावर लेक दवाखान्यात फोन करायला आत पळाली. बायको दारात उभी होती. मिस्त्रींनी पायातल्या चपला सावकाश काढल्या.

“सापडलं. झाकणाचं भोक बुजलं होतं. धूळ बसलेली.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनीही नजर हलवली नाही.

“घाट चढेल?”

“चढेल.”

आतून लेकीचा आवाज येत होता. सोमवारी सकाळी आठला नक्की पोचते, असं ती कोणाला तरी सांगत होती. आईने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“तिला ते भोक नीट दाखवून ठेवा,” ती म्हणाली. “पुन्हा बसली धूळ, तर तिची तिला काढता आली पाहिजे.”