दोन कानांत दोन गोष्टी

मित्रांनो, मी एक जुनी कुबडी आहे. लंगड्याची नव्हे, जोग्याची. मला काखेत दाबून बसलं की दुसऱ्या बाजूची नाकपुडी मोकळी होते. भागीरथीच्या काठी पडलेल्या एका अक्रोडाच्या झाडातून उमेदनाथबाबांनी मला स्वतः तासलं. धुनीच्या धुरानं मी काळी झाले, त्यांच्या घामानं गुळगुळीत झाले.

बाबांकडे पोथी नव्हती. शिकवण कानात मिळायची, एका वेळी एकालाच. मी काखेत असायची, म्हणून मला सगळंच ऐकू यायचं. तिथंच माझा घोळ झाला. मंगलनाथ या शिष्याच्या कानात बाबा म्हणाले, "श्वास रोखून धर, धरवेल तितका." दुसऱ्या शिष्याच्या, चैतनाथाच्या कानात म्हणाले, "श्वास कधी रोखू नकोस." मला वाटलं, म्हातारा विसरला. पण पुढेही ते दोघांना तसंच सांगत राहिले.

बाबा गेले. मला खुंटीला टांगलं. लोक झेंडू वाहायचे, काखेत मात्र कुणी घेईना.

एका सकाळी गावातल्या सतेश्वरीकाकी उपाय विचारायला धुनीपाशी आल्या. दम्यामुळे त्यांना चढावर गवताला जाता येईना, आणि घरी गाईचं करणारं दुसरं कुणी नव्हतं. मंगलनाथानं त्यांना श्वास रोखायला लावलं. काकी निळ्या पडल्या, कलंडल्या. चैतनाथ धावत आला.

"मारतोस काय रे बाईला? बाबांनी रोखायचं नाही म्हणून सांगितलंय!"

"माझ्या या कानात सांगितलंय, रोख म्हणून!"

"मग तो कान धुऊन ये!"

मला ओरडावंसं वाटलं, दोघंही खरं बोलताय. पण लाकडाला तोंड कुठलं? आणि असतं, तरी त्यातलं घ्यायचं कोणतं, हे मला तरी कुठे ठाऊक होतं?

काकी धापा टाकत उठून बसल्या. "भांडा मेल्यांनो. बाबांनी तुम्हाला सांगितलं, ते तुमचं. माझी छाती कुणी पाहिली का?"

मंगलनाथानं मला खुंटीवरून काढून काकींना टेकायला दिलं. मग त्यांची छाती ऐकायला तो वाकला, पण घुटमळला.

"लाव की कान. तुझ्या आईच्या वयाची आहे मी!"

त्यानं त्यांच्या पाठीला कान लावला. बराच वेळ ऐकत राहिला.

"काकी, मला अजून नीट कळत नाहीये. उद्या परत ऐकू द्याल?"

"येते. पण आज काही शिकवू नकोस, बाबा."

मित्रांनो, खरी शिकवण कोणती, हे मला आजही उमगलेलं नाही. एवढंच मागते, आपण ऐकलेलं दुसऱ्याला सांगण्याआधी त्याच्या पाठीला जरा कान लावा.