टोप्या घातलेले ब्रश

ताईच्या जिवाला दुपारपासून चैन नव्हती. उद्या सकाळी ठमी शाळेत सगळ्यांसमोर एकटी गाणार होती आणि घरात छोटूचा घसा आठवडाभर धरलेला! त्याचे जंतू ठमीला लागू नयेत म्हणून ताईने दोघा भावंडांच्या ब्रशांना प्लॅस्टिकच्या घट्ट टोप्या चढवल्या होत्या. काय ती ऐट! आल्यागेल्याला बेसिनपाशी नेऊन दाखवायची.

आज ठमीच्या ब्रशची टोपी काढली, तर भपकन कुबट वास. आत पाणी साचलेलं, तळ बुळबुळीत.

झालं! मागचापुढचा विचार न करता तिने दोन्ही ब्रश एकाच पातेल्यात खळाखळा उकळले. बाहेर काढले तेव्हा त्यांचे केस असे पिंजारलेले, जणू दोघे आत मारामारी करून आले होते.

शेवटी तिने कामावर आईला फोन लावला.

"ओले ब्रश कोंडून ठेवलेस? ओला टॉवेल ठेवशील का डब्यात?"

"मला वाटलं, झाकलं की स्वच्छ राहतं."

"अतिशहाणा त्याचा बैल रिकामा! नवे आण दोघांना. घासून झालं की धुवायचा, झटकायचा आणि उघडा, उभा वाळू द्यायचा. दोघांचे दोन पेल्यांत."

"पण आई, ठमीचा घसा बसला तर?"

"बसला तर बघू. आधी तू बस जरा."

बसते कसली! धावत जाऊन तिने नवे ब्रश आणले, पेले घासले आणि ठमीच्या मागे लागली. "आ कर. अजून मोठा."

"ताई, घसा ठणठणीत आहे गं! जबडा दुखायला लागलाय तुझ्यापायी."

"गिळून दाखव."

"काय गिळू? तुला?"

छोटू पांघरुणातून खिदळला.

सकाळी शाळेत ताई अगदी मागच्या भिंतीला टेकून नखं कुरतडत उभी. ठमी पुढे आली आणि खाकरली. ताई टाचा उंचावून बघू लागली. ठमी पुन्हा खाकरली. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने मानेनेच नको म्हटला आणि सूर लावला. वरच्या पट्टीत तो जरासा कापला, पण फाटला नाही.

कडव्यामागून कडवं झालं, टाळ्याही पडल्या. ताईला गाण्यातला एक शब्द सांगता आला नसता. ती आपली ठमीच्या उघड्या तोंडाकडे बघत होती.