दुसऱ्याने बांधायची गाठ

मित्रांनो, बैलाच्या पाठीवर आडवी टाकतात आणि जिची दोन पोटं दोन्ही अंगांना लोंबतात, ती जोडपिशवी तुम्ही कदाचित पाहिली नसेल. तिला गोण म्हणतात. मी तशी एक जुनी गोण आहे. माझ्या अंगावर आरसे आहेत, कवड्या आहेत, आणि डाव्या पोटावर वीतभर लांबीची एक शिवण आहे. त्या शिवणीमुळेच मी ही हकिकत सांगते आहे. मला ती विसरायची नाही.

पुसदपासून एक घाट ओलांडला की आमचा तांडा लागतो. तिथे भुरीबाईने मला जाड सुतात शिवलं. एका हिवाळ्यात उजवं पोट झालं, दुसऱ्या हिवाळ्यात डावं. तिचा नवरा रूपसिंग मला काबऱ्या बैलावर टाकायचा. त्याच्या आजोबांच्या काळी तांडा मीठ आणि धान्य घेऊन मुलूखभर फिरायचा. रूपसिंग शेतकरी झाला होता. घाटात बैलगाडी चालत नसे, म्हणून त्याचा कापूस माझ्यातूनच बाजाराला जाई.

तांड्यात एक रीत होती. दोन घरांचा माल एका बैलावर घालायचा असला, तर ज्याने त्याने आपली बाजू भरायची. तोंड मात्र दुसऱ्याने बांधायचं. बांधण्याआधी तो खांद्यापर्यंत हात आत घालून तळापर्यंत चाचपायचा. त्याचा कुणाला राग येत नसे. हात घातला नाही तरच लोक विचारायचे, "काहून, सोयरीक तुटली का?"

१९५६ सालच्या हिवाळ्यात रूपसिंग मला घेऊन पुसदच्या बाजारात आला. तिथे देवराव नावाचा कापसाचा दलाल होता. भरल्या बाजारात तो ओरडला, "अरे, या तांडेवाल्याइच्या गोणीत कापसापेक्षा गोटेच जास्त राह्यते!"

"हात घालून पाहा ना शेठ," रूपसिंग म्हणाला.

देवरावने हात घातला नाही. त्याने कमरेची सुरी काढली आणि माझं डावं पोट फाडलं. पांढरा कापूस धुळीत सांडला. गोटा एकही निघाला नाही. देवराव हसला, सुरी माझ्याच आरशांवर पुसली आणि म्हणाला, "या खेपेले नाही निंघाले, बरं का!" लोकही हसले. रूपसिंग खाली मान घालून उभा राहिला. भुरीबाई गुडघ्यांवर बसून कापूस वेचत राहिली.

घरी येऊन तिने मला लाल दोऱ्याने शिवलं. पांढरा दोरा घरात होता. रूपसिंग म्हणाला, "लाल कायले? दुरून दिसते ना ते."

"दिसाले पायजे," ती म्हणाली.

पुढे घाटातून सडक झाली, गाड्या आल्या आणि मी माळ्यावर गेले. उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला, आरशांवर धूळ बसली. कुणी मला ऊन दाखवलं नाही. मित्रांनो, कापडाला द्वेष करता येतो की नाही, हे मला माहीत नाही. मला आला. माळ्यावरच्या अंधारात मी रोज तो हसणारा चेहरा आठवत असे.

१९६१च्या डिसेंबरात पुसदच्या एका जिनिंग कारखान्यात दोन परदेशी पाहुणे आले. एक सुदानचे इद्रिस साहेब. दुसरे इंडोनेशियाचे हार्जोनो साहेब. दोघांचेही देश नव्यानेच स्वतंत्र झालेले. सुदानात कापूस उदंड, तर इंडोनेशियात चहाचे मळे. यांचा कापूस त्यांच्या गिरण्यांना जावा, त्यांचा चहा यांच्या घरी यावा, आणि गोऱ्यांच्या पेढ्यांनी मध्ये बसू नये, असं दोघांच्या मनात होतं. सरकी काढण्याची यंत्रं पाहायला ते बरोबर आले होते. दुपारी मशिदीत त्यांनी शेजारी उभं राहून नमाज पढली. अंगणात परतल्यावर मात्र पुन्हा वाद सुरू झाला.

वाद मालाच्या तपासणीचा होता. हार्जोनो म्हणत, कापूस आम्ही उघडून पाहू. इद्रिसना तो अपमान वाटे. चहाचं तेच, फक्त बाजू उलटी. देवराव याच संधीची वाट पाहत होता. "साहेब, दोघांच्या मधे मी उभा राहतो," तो हात चोळत म्हणाला. "कापूस मी पारखतो, चहा मी पारखतो. तुम्ही निश्चिंत राहा." थकलेले पाहुणे हो म्हणण्याच्या बेतात होते.

पाहुण्यांची करमणूक करायला देवरावनेच तांड्यात निरोप धाडला होता की बैल सजवून, जुनी गोण घेऊन या. भुरीबाईने मला माळ्यावरून काढलं, झटकलं, आणि हसली. कापसाची गाडीही तिने बरोबर घेतली. पाच वर्षांत ती तशी हसली नव्हती.

अंगणात देवरावचा कापसाचा मोठा ढीग होता. वजन वाढावं म्हणून आतून तो पाणी मारून ठेवलेला आहे, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. पाहुणे तेवढे अजाण होते.

"शेठ," भुरीबाई गोडीने म्हणाली, "पाहुण्याईले खेळ दाखवाचा ना? मंग डावी बाजू तुमी भरा तुमच्या ढिगातून. उजवी मी भरतो आमच्या गाडीतून. टोपलं एकच, भराईही सारखीच."

देवराव वरवरचा, उन्हात वाळलेला कापूस उचलू लागला.

"वरवरून कायले शेठ? खालून घ्या ना! पाहुणे इतक्या दुरून आले, त्याहीले चांगला माल दाखवा."

सगळे बघत होते. देवरावला खालचा घ्यावा लागला.

इद्रिस साहेब तरुणपणी आपल्याकडे शिकले होते. त्यांना हिंदी येत असे. "भाभी, यह क्या रिवाज है?" त्यांनी विचारलं. भुरीबाईने सांगितलं, त्यांनी ते हार्जोनोंना समजावलं. देवरावने रीतीप्रमाणे तिच्या बाजूत हात घातला आणि गाठ मारली. भुरीबाईने मात्र त्याच्या बाजूत हात घातलाच नाही. सरळ तोंड बांधलं. तेव्हा मला कळलं, ते काम तिने माझ्यावर सोपवलं आहे.

दोन गड्यांनी मला उचलून काबऱ्याच्या पाठीवर टाकलं. दोन्ही पोटं दिसायला सारखीच फुगलेली. आकार सारखा असला तरी पाण्याचं वजन लपत नाही. मी डावीकडे सरकले. रूपसिंगने हात दिला नाही. मी आणखी सरकले, आणि धपकन देवरावच्या पायांशी पडले. मित्रांनो, इतक्या आनंदाने मी कधी पडले नव्हते.

"आता घाला हात, साहेब," भुरीबाई म्हणाली.

इद्रिस साहेबांनी गाठ सोडून डाव्या पोटात खांद्यापर्यंत हात घातला. बाहेर आला तेव्हा बाही ओली होती. ती त्यांनी हार्जोनोंना दाखवली.

"दंव आहे साहेब, दंव!" देवराव घाईने म्हणाला.

"दुपारच्याले कोनतं दंव पडते वो शेठ?" भुरीबाईने विचारलं.

अंगण हसलं. याच लोकांचं हसणं मी पूर्वी ऐकलं होतं. आता ते आमच्या बाजूने होतं. देवराव हलक्या आवाजात म्हणाला, "भुरीबाई, सांभाळून घे ना व. बाजारातली पत जाईन माही."

"त्या दिवशी हात घातला असता शेठ, तं आज सांभाळलं असतं," रूपसिंग म्हणाला. तो इतकंच बोलला.

त्याच संध्याकाळी पाहुण्यांचं ठरलं. सुदानच्या गोदामात कापसाच्या गठाणी बांधताना इंडोनेशियाचा माणूस हात घालील. चहाच्या पेट्या बंद करताना सुदानचा. मध्ये कुणी नको.

वर्षभराने इद्रिस साहेबांनी चहाचा एक डबा धाडला. पहिल्या जहाजातला. भुरीबाईने अंगणात चूल मांडली. बाजाराचा दिवस होता. सडकेवरून देवराव पायी चालला होता. कारखान्यात त्याला आता कुणी उभं करत नसे.

"या शेठ," तिने हाक मारली, "चहा घ्या."

त्याने कप हातात घेतला. "कुठला चहा हा?"

"तुमच्याबिगर आला तो."

त्याने कप खाली ठेवायला हात नेला. सगळा तांडा पाहत होता, म्हणून त्याला तो शेवटच्या घोटापर्यंत प्यावा लागला.

मित्रांनो, घरात माझ्यासारखं काही जुनं असेल, तर त्याला ऊन दाखवा, उंदरांपासून जपा. दुसऱ्याच्या मालाची शंका आली, तर हात घालून पाहा. सुरी चालवू नका. लोक सांगतात की क्षमा करावी. ज्यांना जमते त्यांनी खुशाल करावी. मला अजून जमलेली नाही.