सुलाआक्काचं कार्ड

"आज्जी, पालकांची मीटिंग आज न्हाय."

विद्यापीठाच्या गेटवरच्या नव्या पहारेकऱ्यानं हात आडवा केला. सुलाबाईनं पदराआडून निळ्या फितीतलं कार्ड वर काढलं. फोटो तिचाच, पांढऱ्या केसांचा. खाली छापलेलं : एम.ए. मराठी, वर्ष दुसरं.

"वर्गमैत्रीण हाय माझी," मागून आलेल्या समतानं सांगितलं. "आज्जी म्हणायचं न्हाय. सीनिअर म्हणायचं."

खासबागची समता तिच्या बाकावर बसायची. जिभेनं तिखट, पण डब्यातलं पहिलं आक्काला वाढणारी.

निपाणीच्या एका हायस्कुलात सुलाबाईनं कारकुनीत जन्म काढला होता. दर जूनमध्ये पोरांचे फोटो कातरायचे, ओळखपत्रांवर चिकटवायचे, शिक्का मारायचा आणि बजावायचं, "जपा रं, घालवलासा तर दुसरं न्हाय मिळायचं." स्वतःच्या गळ्यात कार्ड पडलं ते मात्र रिटायर झाल्यावर. मग तिनं त्याचं सोनं केलं. कॅन्टीनचं सवलतीतलं जेवण, चष्म्याच्या दुकानातली सूट, पिशवीभर पुस्तकं. फक्त एसटीत त्याचा उपयोग नव्हता, कर्नाटकात बायकांना बस तशीही फुकट. "तेवढंच एक नुसकान," ती म्हणायची.

"सगळं झालं, आक्का," ग्रंथालयाच्या जिन्यावर समता म्हणाली. "पण जिच्यासाठी नाव घातलासा, त्या वरच्या खोलीत काय तुमचा पाय न्हाय."

"जाऊ की."

"कवा? ह्या शुक्रवारी कार्डाची मुदत सरतीया. मग भायेरूनच नमस्कार."

वरच्या खोलीत जुनी ध्वनिमुद्रणं होती. फार पूर्वी एक बाई टेपचं यंत्र घेऊन गावोगाव फिरली होती आणि बायकांची गाणी भरून घेतली होती. सुलाच्या घरीही ती आली होती. काळ्या पेटीत चाकं फिरताना सुलानं उंबऱ्यावरून पाहिली होती, आणि आत विड्या वळत बसलेल्या बायकांत तिची आई होती, मनुबाई. ती फीत आता इथं होती. ऐकायची मुभा विद्यार्थ्यांनाच, म्हणून साठीत एम.ए.ला प्रवेश.

आईचा फोटो नव्हता. सुला दुसरीत असताना ती गेली. त्यानंतर दिवेलागण झाली की आई दारात येऊन बोलावतेय असा सुलाला भास व्हायचा. ओठ हलताना दिसायचे, आवाज मात्र नसायचा. आडात पोहरा सोडावा आणि पाण्याला लागल्याचं ऐकूच येऊ नये, तसं. लग्न झालं, लेकरं झाली, ती पांगली, नवरा गेला. हाक काही गेली नाही.

सुलाबाई वरच्या पायरीवर थबकली.

"समते, ऐकलं आन् वळखूच न्हाय आलं, तर गं?"

 समतानं आक्काच्या गळ्यातलं उलटं झालेलं कार्ड सरळ केलं. "चला."

वरची खोली सांभाळणाऱ्या भरमाप्पानं कार्ड बघितलं. "कूडरी आक्का, बसा," म्हणत खुर्ची पुढं केली आणि हेडफोन हातात दिला. "नावं न्हाईत बरं का ह्याच्यात. नुसतं 'निपाणी, विडीवाल्या बायका' एवढंच."

खोलीचं दार उघडंच होतं. मे महिन्याचं वारं आत येऊन टेबलावरचे कागद चाळत होतं.

आधी नुसती खरखर. मग पानं कातरणाऱ्या कात्र्या. मग गाणं.

*सूप मांडीवर बाई, दोरा दातात धरीते
लेक खेळती अंगणी, डोळा दारात ठेवीते*

एक आवाज जाडसर. ही? एक चिरका, शेवटाला हलणारा. का ही? गाणं संपलं की सुलाबाई हात वर करी, भरमाप्पा पुन्हा मागं नेई. पुन्हा. पुन्हा. सगळ्याच कुणाच्या ना कुणाच्या आया वाटत होत्या, तिची एकही वाटेना. इतकी वर्षं जी हाक मारून दमली नाही, तिला लेकीनं ओळखू नये! तिनं कार्ड मुठीत आवळलं.

"फुडं बी हाय थोडं," भरमाप्पा म्हणाला. "सोडू?"

तिनं हेडफोन कानाशी दाबून धरला.

गाणं थांबलं. बायका कशाला तरी हसल्या. कुणीतरी खोकलं. आणि मग गाण्याच्या नाही, रोजच्या, कावलेल्या आवाजात एक बाई बोलली,

"सुले, दार लोट गं! समदी तंबाकू उडतीया."

सुलाबाई उठली. हेडफोन घसरून टेबलावर पडला. ती तडक दाराशी गेली आणि दोन्ही हातांनी तिनं दार लोटलं.

"काय झालं, आक्का?" भरमाप्पा अर्धा उठला. समतानं त्याचा दंड धरला.

कागद निवांत झाले. टेबलावर गाणं पुन्हा सुरू झालं होतं, मुंगीएवढ्या आवाजात. सुलाबाईनं खाली वाकून बघितलं. दाराखालच्या फटीतून अजून वारं शिरत होतं. तिनं चपलेतून पाय काढला, फटीशी आडवा धरला, आणि गाणं संपेपर्यंत तशीच उभी राहिली.