टेकडीची टाकी लाल दिसतेय

"बाबा, मी नंतर करते फोन," असं ती सकाळपासून तिसऱ्यांदा म्हणाली आणि बाबांनी ते तिसऱ्यांदा कानाआड केलं. ती तेव्हा हिशेबनिसाच्या टेबलाखाली वाकून तार शोधत होती, कारण हिशेबनिसाच्या मते त्याचा प्रिंटर चालत नसेल तर तो फायरवॉलचाच दोष असतो. प्रिंटरचं बटण बंद होतं. ते दाबून ती बाहेर आली, तरी बाबा फोनवर होतेच.

"टेकडीची टाकी अजून लाल दिसतेय."

"माहितीये, बाबा. सोमवारी वीज गेली-आली ना, त्यात डबा जळाला."

"तो नाही जळायचा."

तिने फोन ठेवला. पाणीपुरवठा कार्यालयाचं नेटवर्क सांभाळायचं, हिशेबनिसाचं डोकं सांभाळायचं, साहेबांचा मूड सांभाळायचा आणि वर बापाचा डबा. माणसाने किती सांभाळायचं?

हा डबा बाबांचा होता, म्हणजे कार्यालयाचाच, पण बसवलेला बाबांनी. ते इथेच पंप मेकॅनिक होते. आधी टेकडीवरच्या टाकीत पाणी किती हे पाहायला रोज वर चढावं लागे, आणि ते चढणं बाबांच्याच वाट्याला येई. मग हा डबा आला. पाण्यात सोडलेला सेन्सर आपल्या डोक्यावर किती फूट पाणी आहे ते मोजायचा, डबा ते सिमकार्डावरून कार्यालयाला कळवायचा, आणि कार्यालयाच्या वेबपानावर ते कुणालाही दिसायचं. पाणी दोन फुटांखाली गेलं किंवा निरोपच आला नाही, की ती ओळ लाल व्हायची. बाबांनी डब्याला पत्र्याची पेटी केली, सायकलच्या ट्यूबमधून रबर कापून तिच्या झाकणाला बसवलं, आणि पंधरा पावसाळ्यांत आत थेंब शिरू दिला नाही. निवृत्त झाल्यावर ते रोज सकाळी मोबाइलवर ते पान उघडायचे. बाकीच्या टाक्यांशी त्यांना घेणंदेणं नव्हतं.

साहेबांनी तिला दुपारच्या जेवणाआधी बोलावलं. भांडारात नवे डबे पडून होते. ते म्हणाले, जुना मेलाय असं तुम्ही एकदा सांगा, वायरमन आत्ताच वर जाईल आणि बदलून टाकेल. ती म्हणाली, मेलाय. तीन दिवस त्याचा आवाज नाही. हे सांगताना तिला हायसंच वाटलं, कारण डबा बदलला की ओळ हिरवी होणार आणि फोनची कटकट थांबणार होती.

ती जागेवर येते तोच फोन वाजला.

"मी वर जाऊन आलो," बाबा म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "दिवा लागतोय त्याचा. हिरवा."

"तुम्ही टेकडी चढलात? त्या गुडघ्यांनी?"

"दिवा लागतोय म्हणतोय मी."

"दिवा लागला म्हणजे तो बोलतोय असं नसतं, बाबा. तुम्हाला यातलं कळत नाही तर कशाला डोकं घालता? आणि आता फोन करू नका. मला कामं आहेत."

बाबांनी फोन बंद केला. खोलीतल्या दोघा कारकुनांनी माना खाली घातल्या, आणि तिला त्यांचाही राग आला.

दुपारी बिलं भरून घेणाऱ्या खिडकीवरच्या बाईंची तक्रार आली, की एका भरणा केंद्राचं कनेक्शन लागत नाही. या वेळी खरोखरच फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारं काय आत सोडायचं ते ठरवणारी यंत्रणा, पाहावी लागणार होती. तिने अडवलेल्या पॅकेटांची, म्हणजे नेटवर्कवरून आलेल्या छोट्या छोट्या निरोपांची, नोंद उघडली.

त्यात बहुतेक सगळे भामटे होते. इंटरनेटवरून दिवसभर कोण कोण येऊन कार्यालयाचं दार चाचपून जातं, हे तिच्याशिवाय तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. शिरायला फट शोधत फिरणाऱ्या या प्रोग्रॅमांनी तिच्या नाकी नऊ आणले होते, आणि मागच्या महिन्यात तिने त्यांची एक खोड हेरली होती. साधा सरळ संगणक बोलणं सुरू करायला जे पहिलं पॅकेट पाठवतो, त्याच्या टीसीपी हेडरमध्ये, म्हणजे पाकिटावरच्या मजकुरात, तो काही ऑप्शन जोडतो: एका खेपेला मी एवढंच घेऊ शकेन, मधलं काही हरवलं तर असं कळवा, वगैरे. भामट्यांना एवढी सवड नसते, त्यांची पॅकेटं बहुधा कोरी असतात. म्हणून तिने नियम लिहिला, की पहिल्या पॅकेटात ऑप्शन नसेल तर ते टाकून द्यायचं. नकारसुद्धा कळवायचा नाही. नियम लावण्याआधी तिने दोन दिवस नुसती नजर ठेवली, यात आपलं कुणी सापडतंय का म्हणून. कुणी सापडलं नव्हतं.

आता त्या परक्या पत्त्यांच्या गर्दीत एक ओळखीचा पत्ता दिसला. थोड्या अंतराने पुन्हा तोच, आणि परत तोच. टेकडीच्या सिमकार्डाचा.

तिने कपाळावर हात मारला. डबा जुना होता, त्याला ऑप्शन जोडणं कुणी शिकवलंच नव्हतं. पण एकदा कनेक्शन लागलं की तो महिनोन् महिने तेच धरून ठेवायचा, म्हणून तिने नजर ठेवली तेव्हा त्याने पहिलं पॅकेट पाठवलंच नव्हतं. सोमवारी वीज गेली, डबा नव्याने सुरू झाला, बोलायला आला, आणि तिच्या नियमाने त्याला कचऱ्यात टाकलं. तेव्हापासून तो सारखा हाका मारत होता. उत्तर येत नाही म्हणून थोडा थांबत होता आणि परत हाक मारत होता.

तिने घाईघाईने नियमाच्या वर एक ओळ घातली: हा पत्ता असेल तर ऑप्शन नसला तरी येऊ द्या. ओळ लागू झाली. तिने टेकडीची ओळ हिरवी व्हायची वाट पाहिली. ती झाली नाही. नोंदीतही तो पत्ता पुन्हा आला नाही.

तिने वायरमनला फोन लावला. "काढला मॅडम," तो खुशीत म्हणाला. "नवा बसवला, बघा दिसतोय का. जुन्याच्या सेन्सरची केबल निघेना, कापूनच टाकली."

पानावर टेकडीची दुसरी ओळ उगवली होती, नव्या डब्याच्या नव्या सिमकार्डाची. ती हिरवीगार होती. साहेब येऊन शाबास म्हणून गेले.

संध्याकाळी ती भंगारातून डबा पेटीसकट आणि त्याचा तुटका सेन्सर उचलून बाबांकडे घेऊन गेली. ते पलंगावर गुडघ्यांना मलम चोळत बसले होते. तिने पेटी समोर ठेवली आणि उभ्यानेच सांगून टाकलं, की डबा बिघडला नव्हता, माझ्याच नियमाने अडवला, तुमचं बरोबर होतं.

बाबांनी चष्मा लावून केबलचं कापलेलं टोक पाहिलं.

"कापली कशाला? दोन नट सोडले की निघते."

"चुकलं त्याचं."

"विचारायचं होतं मला."

डब्याबद्दल एवढंच ते बोलले. तिला वाटलं, आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्यांनी चहा घेतेस का म्हणून विचारलं, तिने नको म्हटलं, आणि ते पुन्हा मलम लावू लागले.

त्यानंतर बाबांचा फोन आला नाही. आता काम निवांत व्हायला हवं होतं, पण ती प्रत्येकावर खेकसू लागली. फोन वाजला की हिशेबनीस असायचा. तिने आपण होऊन केला, तर बाबा म्हणायचे, सगळं ठीक आहे, तू तुझी कामं कर. हे जवळजवळ तिचेच शब्द होते.

एके सकाळी ती पानावर जुनी ओळ पुसायला बसली. साहेबांनी दोनदा आठवण करून दिली होती, की मेलेल्या डब्याची लाल ओळ लोकांना उगाच दिसते. तिने ओळ निवडली, आणि हात थांबला. ओळ लालच होती, पण तिच्यात आता आकडा होता. आधी शून्य. मग पाव फूट. मग अर्धा.

तिने फायरवॉल उघडली. टेकडीचा जुना पत्ता, त्याच जुन्या सिमकार्डाचा, आत आला होता, तिने त्या दुपारी लिहिलेल्या आणि काढायची राहून गेलेल्या ओळीतून. ऑप्शन अर्थातच नव्हता.

पाणी पाऊण फुटावर गेलं, मग फुटाच्या जरा वर, आणि तिथेच थांबलं. काही केल्या पुढे जाईना. तिला बाबांच्या न्हाणीघरातली निळी बादली आठवली, ती तेवढीच उंच होती. तिने फोन उचलला.

"बाबा, बादली भरली. वाहतेय ती. नळ बंद करा."

पलीकडे पाण्याचा आवाज चालू होता. मग तो थांबला.

"दिसलं का तुला?" बाबांनी विचारलं.

"दिसलं."

"जोड मीच दिला केबलला. पक्का आहे."

दारातून साहेबांनी विचारलं, ती ओळ पुसली का. तिने फोनवर हात ठेवला, नाही म्हणाली, आणि पुन्हा फोन कानाला लावला.