सुंदुसचा झगरूता

"श्वास सोड. पोट ढिलं सोड. आणि खालून आवळून धरू नकोस," इन्साफ म्हणाली.

"सोडलं तर सगळंच सुटेल, डॉक्टर," चौदा वर्षांची सुंदुस कानापर्यंत लाल होऊन पुटपुटली.

"सुटू दे की! फरशी आहे ती, गालिचा नाही."

सुंदुसला हसू आलं, आणि हसू येताच तिने दोन्ही मांड्या घट्ट आवळल्या. इन्साफला तेच बघायचं होतं.

दमियाता शहरातल्या दवाखान्यात अगदी मागच्या खोलीत इन्साफ बसते. झोपेत अंथरूण ओलं करणारी, वर्गात कपडे ओले होणारी, शौचाला बसायच्या नावानेच रडणारी पोरं तिच्याकडे येतात. ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू असतात, त्यांना ती वळण लावते. गुडघे-कंबरा बघणारे सहकारी तिला 'मुतऱ्यांची डॉक्टर' म्हणतात. ती म्हणते, "तुमचे गुडघे बरे झाले की गावभर नाचतात. माझी पोरं बरी झाली की मला ओळखत नाहीत. यालाच गुण येणं म्हणतात." आणि खरंच, बाजारात एखादी आई समोरून आली तर इन्साफ स्वतःच तोंड फिरवून टोमॅटो निवडायला लागते.

सुंदुसचं दुखणं हसण्याचं आणि ओरडण्याचं होतं. लग्नघरी बायका जीभ नाचवत आनंदाची लांबच लांब किलकारी देतात, तो झगरूता सुंदुससारखा गल्लीत कुणाला जमत नसे. मावसबहिणीच्या साखरपुड्यात तिने असाच एक दिला आणि झगा ओला झाला. अंगावर सरबत सांडून घेऊन तिने वेळ मारून नेली, पण त्या दिवसापासून तोंड शिवलं. आता सख्ख्या बहिणीचं, रबाबचं लग्न ठरलं होतं आणि घरात ही एकटी गप्प.

"ताईला वाटतं मी जळते तिच्यावर," सुंदुस म्हणाली. "बोलणंच टाकलंय तिने माझ्याशी."

"मग खरं सांगून टाक तिला."

"मेले तरी नाही!"

तिची आई कौसर मध्येच म्हणाली, "मी काळजी घेते हो. बाहेर निघताना पाण्याचा थेंब देत नाही."

"तुम्हीच दुखणं पोसताय, बाई!" इन्साफने कपाळाला हात लावला. "शाळेच्या संडासाला कडी नाही म्हणून ही सकाळपासून दाबून धरते. पोटही साफ होत नाही. दिवसभर मूठ आवळून बसा आणि मग त्याच हाताने भरली बादली उचला. उचलेल का?"

मग उलटाच अभ्यास सुरू झाला. भरपूर पाणी प्यायचं, वेळेवर जायचं, कुंथायचं नाही, बसताना पाय टेकवायचे. पायाखाली घ्यायला सुंदुसच्या सुतार बापाने स्टूल करून दिलं. कशासाठी ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून त्या भल्या माणसाने त्याला सोनेरी मुलामा दिला आणि खाली सिंहाचे पाय कोरले. "संडासात बसून राज्य करतेय," सुंदुस म्हणाली, आणि इन्साफ डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

आधी सैल सोडणं आलं, मग आवाजाच्या बरोबर खालून अलगद उचलून धरणं. एकदा खोलीतूनच अर्धा झगरूता बाहेर गेला. बाहेरून कुणीतरी विचारलं, "कुणाचं जमलं गं?"

"माझंच!" बावन्न वर्षांची इन्साफ दार उघडून म्हणाली. "मिठाई मागाहून पाठवते."

आणि त्याच दुपारी पुन्हा कपडे ओले झाले. सुंदुस भिंतीकडे तोंड करून रडली. इन्साफने समजूत घातली नाही. कपडे बदलायला दिले, फरशी पुसली आणि म्हणाली, "चल, परत." असं कितीदा झालं, दोघींनीही मोजलं नाही.

शेवटच्या भेटीत कौसर ओढणीचं टोक चाळवत उभी राहिली. "डॉक्टर, लग्नाला..."

"मी येणार नाही," इन्साफनेच तिला सोडवलं. "लोक विचारतील ही कोण. काय सांगाल?"

कौसरने तिचा हात धरून घट्ट दाबला आणि ती निघाली.

रबाबच्या संसाराचं सामान मिरवत नव्या घरी निघालं त्या दिवशी इन्साफ पावाच्या दुकानापाशी उभी होती. वाजत-गाजत टेम्पो आले. पलंग, कपाटं, फ्रीज, गाद्या, आणि सामानावर दाटीवाटीने बसलेल्या बायका. कौसर दिसताच सवयीप्रमाणे इन्साफने रस्त्याकडे पाठ केली. झगरूते उठत होते, त्यांत सुंदुसचा नव्हता. शिकवण्यात काही कमी पडलं का?

मग एक आवाज निघाला. बारीक, जरा कापरा, मग मोकळा. वर चढला, तिथे थांबला, लांबला, तुटला नाही. बाकीच्या बायका गप्प झाल्या. टेम्पोतून रबाब ओरडली, "अगं माझे बाई! कुठे होतीस इतके दिवस?" ती रडत होती की हसत, पाठमोऱ्या इन्साफला कळेना. लगेच दुसरा झगरूता आला, पहिल्याहून लांब, आणि मागोमाग सुंदुसचं खळखळून हसणं.

वळून एकदा, एकदाच बघावं असं इन्साफला फार फार वाटलं.

"काय दम आहे पोरीत!" पाववाला मान उंच करून म्हणाला. "कुणाची हो ही?"

"सुताराची असेल," इन्साफ म्हणाली. शेवटचा टेम्पो वळणाआड जाईपर्यंत ती भट्टीकडे तोंड करून उभी राहिली आणि धूर लागतोय म्हणत डोळे पुसत राहिली.